ब्रेक दाबला की डाव्या चाकातून खरखर: पॅड वर्षभरात का संपले?

प्रश्न थोडक्यात असा. सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, ५२,००० किलोमीटर झालेली. राहणं रत्नागिरीत, महिन्यातून दोन-तीनदा आंबा घाटातून कोल्हापूरला जाणं-येणं. चौदा महिन्यांपूर्वी पुढचे पॅड बदलले. त्यानंतर गाडी जेमतेम १३,००० किलोमीटर चालली आणि आता ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, पॅड आणि डिस्क दोन्ही बदला. बदलावं का?

बहुतेक बदलावंच लागेल. पण तेवढ्यावर थांबलात तर पुढच्या गणपतीत हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. अशा छोट्या गाडीचे पुढचे पॅड बेतानं चालवल्यास ३० ते ५० हजार किलोमीटर सहज जातात. घाट जास्त असेल तर थोडे कमी. १३ हजारांत आणि तेही एकाच बाजूचे संपले, याचा अर्थ त्या चाकाचा ब्रेक लागतो पण पूर्ण सुटत नाही. तो का सुटत नाही हे शोधणं हे खरं काम आहे.

आधी तातडीचं. आवाज सतत, जड, दळल्यासारखा असेल, ब्रेकच्या पेडलमधून पायाला खरखर जाणवत असेल किंवा पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल, तर ती गाडी घेऊन घाट उतरू नका. पॅडचं लायनिंग, म्हणजे डिस्कला घासणारा थर, संपला की मागचा पोलादी पत्रा डिस्कवर घासतो. पकड कमी होते, डिस्क भराभर खरवडली जाते आणि कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन नेहमीपेक्षा खूप बाहेर येतो. फारच बाहेर आला तर सीलमधून ब्रेक ऑइल गळू लागतं. गावातल्या गावात हळू चालवत गॅरेज गाठणं वेगळं, घाटातून साखरप्याकडे उतरणं वेगळं.

आता आवाज नेमका कसला ते ओळखू. बारीक, उंच पट्टीतली किंचाळी आणि जाडी खरखर यांत मोठा फरक आहे. बऱ्याच पॅडना एक छोटी पोलादी जीभ असते. लायनिंग दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला टेकते आणि चीं-चीं करते. ती सूचना असते, त्या टप्प्यावर डिस्क वाचते. तिच्याकडे महिनाभर दुर्लक्ष केलं की जाडी खरखर सुरू होते. घाट उतरताना पॅड तापून वरचा थर काचेसारखा गुळगुळीत झाला तरी किंचाळी येते, पण त्यानं सहसा खरखर येत नाही.

पावसात रात्रभर उभी गाडी सकाळी काढली की पहिल्या चार-पाच ब्रेकला खर्र असा आवाज येतो. डिस्क बिडाची असते, तिच्यावर एका रात्रीत तांबूस गंज चढतो आणि पॅड तो पुसून काढतात. पाच-सहा वेळा ब्रेक लावल्यावर आवाज गेला तर काहीही करायचं नाही. अर्धा किलोमीटर गेल्यावरही राहिला, तर चाक उघडायचं.

डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्याच्या मध्ये खडा अडकला तरी भयानक आवाज येतो. ऐकणाऱ्याला वाटतं गिअरबॉक्स गेला. रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात हे हमखास होतं. ओळख अशी की हा आवाज ब्रेक न दाबताही येतो, चाकाच्या वेगाबरोबर वाढतो आणि कधी कधी गाडी पाच-दहा फूट मागे घेतली की खडा पडून एकदम बंद होतो. तोच पत्रा वाकून डिस्कला घासत असेल तर चाक काढून हातानं किंचित मागे वाकवला की झालं.

बेअरिंगचा आवाज गुरगुरल्यासारखा असतो. तो वेगानुसार बदलतो, वळणावर कमी-जास्त होतो आणि ब्रेकशी त्याचा संबंध नसतो. मात्र बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर चाकाबरोबर डिस्कही हलते आणि ब्रेकचा आवाज त्यात मिसळतो, म्हणून चाक वर उचलल्यावर वर-खाली धरून हलवून बघा. खटखट जाणवता कामा नये.

एबीएसमुळे, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे, लोक फार फसतात. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थरथरलं आणि कर्रर्र आवाज आला तर एबीएस त्याचं काम करतोय. पण कोरड्या रस्त्यावर, सावकाश थांबताना, शेवटच्या काही फुटांतच तो आवाज आणि थरथर येत असेल तर एका चाकाचा वेग मोजणारा सेन्सर चुकीचं सांगतोय. सेन्सरच्या टोकाला लोखंडी कीस चिकटणं किंवा त्याच्या दातेरी कड्याखाली गंज फुगणं ही दोन नेहमीची कारणं. अशा गाडीला चार वेळा पॅड बदलले तरी आवाज तसाच राहतो.

पुढचं की मागचं हे कळायला एक साधी चाचणी आहे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या वेगात पाय ब्रेकवरून काढा आणि हँडब्रेकचं बटण दाबून धरून दांडा हळूहळू ओढा. बटण सोडू नका. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे आवाज आला तर मागचं, नाही आला आणि पायाच्या ब्रेकला येतो तर पुढचं. ओल्या रस्त्यावर किंवा मागे वाहन असताना हे करायचं नाही. बटणावर चालणारा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर ही चाचणी विसरा.

दुसरी चाचणी उष्णतेची. दहा-बारा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक लावत गाडी चालवा, थांबा, आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. स्पर्श करू नका, डिस्क भाजते. एका चाकातून धग येते आणि समोरच्या बाजूचं त्यामानानं गार आहे, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. तुमच्या वर्णनावरून डावं पुढचं गरम निघेल असा माझा अंदाज आहे. त्याच रिमवर काळ्या धुळीत चमकणारा लोखंडी कीस दिसला तर उरलीसुरली शंकाही फिटते.

आता चाक उघडू. सपाट जागा, पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा लाकडी ठोकळे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे, मग जॅक लावायचा. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका, जॅक स्टँड लावा. चाक निघालं की स्टिअरिंग बाहेरच्या बाजूला वळवा, कॅलिपर समोर येतो.

कॅलिपरच्या खिडकीतून दोन्ही पॅड बघायचे. अनेकदा फक्त बाहेरचा पॅड बघून ‘अजून आहे’ म्हणतात आणि आतला पत्र्यापर्यंत गेलेला असतो. नव्या पॅडचं लायनिंग साधारण १० मिलिमीटर असतं. ३ मिलिमीटर उरलं की बदलायचं. पत्र्याची जाडी त्यात धरू नका, ती वेगळी पाच-सहा मिलिमीटर असते आणि तिच्यामुळेच नजर फसते. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत आणखी एक प्रकार दिसतो: लायनिंग भरपूर असतं, पण खालचा पत्रा गंजून फुगतो आणि लायनिंग त्यावरून सुटतं. कडेनं भेग दिसली तर जाडी कितीही असो, पॅड बाद.

झीज कशी झाली आहे त्यावरून दोष सापडतो. कॅलिपर घट्ट बसवलेला नसतो, तो दोन पिनांवर सरकतो. पिस्टन आतला पॅड दाबतो आणि त्याच्या उलट जोरानं कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना अडकल्या की हे सरकणं थांबतं. आतला पॅड खूप झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा असेल तर पिना जाम आहेत किंवा पिस्टन परत आत जात नाही. बाहेरचा जास्त झिजला असेल तर ब्रेक सोडल्यावर कॅलिपर मोकळा होत नाही, म्हणजे पुन्हा पिनाच. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा असेल तर दोनपैकी एक पिन अडकली आहे. दोन्ही सारखेच संपले आणि उजव्या चाकाचे मात्र शाबूत असतील तर पिस्टन किंवा ब्रेकचा रबरी होज (ऑइलची नळी) संशयित.

तुमच्या गाडीत मी पिनांवरच पैज लावेन. खारी हवा, चार महिने पाऊस आणि मागच्या वेळी पॅड बदलताना पिना बाहेर काढून ग्रीस केल्या नसतील, तर एक वर्ष पुरतं. पॅड बदलण्याचं काम वीस मिनिटांत उरकता येतं, पिना साफ करायला अजून वीस मिनिटं लागतात, आणि घाई असली की नेमकी तीच गाळली जातात.

खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचला किंवा दोन्ही काढून बाजूला घ्या. त्याला रबरी होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. पिना हातानं आत-बाहेर सरकल्या पाहिजेत, गुळगुळीत आणि थोड्या विरोधानं. हातोडीनं ठोकून निघाली तर ती आतून गंजलेली आहे. पिनेवर खड्डे पडले असतील तर पिन नवी, रबरी बूट फाटला असेल तर बूट नवा. हे सामान स्वस्त असतं, सुट्या भागांच्या दुकानात संच मिळतो. वरची आणि खालची पिन बहुतेक गाड्यांत वेगळी असते, एकीच्या टोकाला रबर असतं, अदलाबदल करू नका. भोक ब्रेक क्लीनरनं आणि कापडानं साफ करा. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचं लावा. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं की बुटाचं रबर फुगतं आणि पिन पहिल्यापेक्षा घट्ट बसते. रॉकेल, डिझेल, पेट्रोल रबराजवळही नको. ग्रीस पातळ थरात लावायचं. भोक गच्च भरलं तर आत हवा कोंडून पिन स्वतःहून बाहेर ढकलली जाते.

पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथल्या स्टीलच्या क्लिप काढून खाली बघा. क्लिपखाली गंज फुगला की खाच अरुंद होते आणि नवा पॅड ठोकूनच बसतो. असा बसवलेला पॅड कधीच सुटत नाही. तारेच्या ब्रशनं खाच लख्ख करा आणि क्लिप नव्या घाला. पॅडचे कान कानशीनं घासून बसवण्याची पद्धत आहे ती चुकीची, गंज खाचेत आहे तर खाच साफ करायची.

पिस्टनची परीक्षा: जुना पॅड पिस्टनवर धरून सी-क्लॅम्पनं हळूहळू आत दाबा. आधी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा आणि ऑइल वर आलेलं दिसलं तर सिरिंजनं थोडं काढा. सांडलेलं ब्रेक ऑइल रंग खातं, लगेच पाण्यानं धुवा. पिस्टन एकसारखा आत गेला तर ठीक. अडून बसला तर कॅलिपरवरची हवा काढायची निपल थोडी सैल करा. निपल सैल करताच पिस्टन सहज गेला किंवा अडकलेलं चाक मोकळं झालं, तर पिस्टन निर्दोष आहे आणि दाब मागे अडकतोय. बहुतेक वेळा होज आतून सुजलेला असतो: ब्रेक दाबताना ऑइल जातं, सोडल्यावर परत येत नाही. निपल उघडूनही पिस्टन हलत नसेल तर तो गंजला आहे, सील-किट किंवा पूर्ण कॅलिपर. निपल उघडली की हवा शिरण्याची शक्यता असते, मग ब्लीडिंग करावं लागतं, म्हणजे ती हवा काढावी लागते, हे लक्षात ठेवून बसा. ज्यांच्या गाडीला मागेही डिस्क आहे त्यांच्यासाठी एक इशारा: तिथला पिस्टन बऱ्याचदा फिरवत आत घालायचा असतो, क्लॅम्पनं दाबला तर आतली हँडब्रेकची रचना तुटते.

डिस्क बदलावी का, हे मापानं ठरवायचं. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. तेच शेवटचं माप. हवेच्या खाचा असलेल्या डिस्कमध्ये नव्या आणि किमान जाडीत साधारण दोन मिलिमीटरचंच अंतर असतं, म्हणजे प्रत्येक बाजूला एक. मायक्रोमीटर असेल तर उत्तम. व्हर्निअरनं मोजताना मात्र फसगत होते, कारण पॅड न पोहोचणारी बाहेरची कड उंच उरते आणि व्हर्निअरचा जबडा तिच्यावर टेकतो. उपाय सोपा: दोन्ही बाजूंना एकेक सारखं नाणं धरून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. सहा-आठ ठिकाणी मोजा.

चरे नखानं तपासा. नख अडकत नाही किंवा जेमतेम जाणवतं असे बारीक चरे नवे पॅड महिन्याभरात स्वतःच जुळवून घेतात. अर्ध्या मिलिमीटरहून खोल चर, निळे डाग, किंवा कडेपर्यंत गेलेली भेग असेल तर डिस्क काढायची. लेथवर घासून घेणं तेव्हाच, जेव्हा घासल्यावरही किमान जाडीच्या बऱ्यापैकी वर राहील. नाहीतर पहिल्याच घाटात तापून वाकेल. लोखंडावर लोखंड घासलेली डिस्क बहुतेक वेळा या हिशोबात बसत नाही, त्यामुळे तुमचा गॅरेजवाला डिस्कबद्दल खोटं बोलत नसावा. फक्त त्याला माप दाखवायला सांगा. डिस्क बदलली तर दोन्ही बाजूंची, पॅड बदलले तर दोन्ही चाकांचे चारही. एका बाजूलाच बदललं की ब्रेक लावताना गाडी ओढते.

डिस्क तीच ठेवून नवे पॅड घातले आणि पुन्हा खरखर आली, तर पहिला संशय त्या उंच कडेवर घ्या. नव्या पॅडची कड गंजलेल्या कडेवर चढते. ती कड उतरवली की आवाज थांबतो.

नवी डिस्क बसवताना तिच्यावरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनं पुसा आणि हबचा (डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा) चेहरा तारेच्या ब्रशनं घासून लोखंड दिसेपर्यंत साफ करा. हबवर गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क वाकडी बसते, बाहेरच्या कडेला तो वाकडेपणा वाढतो आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरू लागतं. पॅडवर झीज सांगणारी जीभ असेल तर ती जुन्या पॅडवर जिथे होती त्याच बाजूला यायला हवी. उलट बसलेली जीभ पहिल्या दिवसापासून डिस्कला घासते. पॅडच्या पाठीवर ब्रेक ग्रीस थेंबभर, लायनिंगवर बोटाचा डागसुद्धा नको.

बोल्ट टॉर्क रेंचनं आवळा. छोट्या गाड्यांत पिनांचे बोल्ट साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर, ब्रॅकेटचे ८० ते ११० आणि चाकाचे नट ८५ ते ११० च्या दरम्यान असतात. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला घ्या. चाकाचे नट समोरासमोर, ताऱ्याच्या आकारात आवळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी जागेवरून हलवण्यापूर्वी ब्रेकचं पेडल दहा-पंधरा वेळा दाबा, ते वर येऊन घट्ट होईपर्यंत. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिले दोन-तीन दाब नुसते हवेत जातात. हे विसरून गाडी गॅरेजच्या भिंतीवर घातल्याचे प्रकार घडतात. नंतर टाकीतली ऑइलची पातळी बघा.

पॅड मुरवायला मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० वर मध्यम जोरानं आठ-दहा वेळा या, दोन ब्रेकमध्ये अर्धा मिनिट गाडी चालती ठेवा. पूर्ण थांबून गरम डिस्कवर पॅड दाबून धरू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा. या काळात थोडी सरसर ऐकू येते, ती चालते.

चाचणीत आवाज मागून निघाला तर ड्रम उघडावा लागेल. हँडब्रेक सोडून, ड्रमच्या चेहऱ्यावरच्या दोन आट्यांच्या भोकांत बोल्ट (बहुधा ८ मिलिमीटरचे) समान आवळत गेलं की ड्रम बाहेर येतो. लायनिंग दीड मिलिमीटरच्या आसपास आलं की शू (ड्रमला आतून घासणारे तुकडे) बदला. रिव्हेटचं डोकं ड्रमला लागलं की चर पडतात, आणि ड्रमचा कमाल व्यास आत कोरलेला असतो, त्यापुढे तो बाद. आतली धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. बाजारातल्या काही लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या कापडानं किंवा ब्रेक क्लीनरनं खाली बसवा. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला गंजानं चिकटतात आणि निघताना धाडकन सुटताना लायनिंगचा तुकडा घेऊन येतात. सपाट जागा, गिअर आणि चाकाला ठोकळा पुरतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, किनाऱ्यावर तर नक्कीच. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते, आणि लांब उतारावर ब्रेक ऑइल उकळलं की पेडल जमिनीला टेकतं. शिवाय तेच पाणी पिस्टनला आतून गंजवतं. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच घाला, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते मिसळू नका. आंबा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये या. ब्रेकवर पाय टेकवून ठेवण्यापेक्षा नीट दाबा आणि पूर्ण सोडा.

गॅरेजमध्ये द्यायचं असेल तर जुने चारही पॅड परत मागा, कुठला आतला आणि कुठला बाहेरचा ते खडूनं लिहून. आणि कामाच्या यादीत ‘चारही पिना काढून साफ, सिलिकॉन ग्रीस, बूट तपासणी’ असं स्वतः लिहून द्या. डावा आतला पॅड पत्र्यापर्यंत आणि डावा बाहेरचा अर्धा निघाला, तर पिना किंवा पिस्टन साफ झाल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.